अकरा आर्जिनिन

“...आणि ती सुटते कधी?” बाईंनी विचारलं.

“सुटतच नाही, बाई!” रेहाना हसली. “तेच तर सांगतेय.”

रेहाना शिकलगार इस्लामपूरची. बाईंच्या, म्हणजे डॉ. शरयू गुर्जरांच्या, प्रयोगशाळेत चार वर्षं ती एकच काम करत होती. आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून एक छोटी साखळी घडवायची. निसर्गात नसलेली, आपण रचलेली. त्या साखळीनं क्षयाच्या जंतूच्या डीएनएमधली नेमकी बारा अक्षरं ओळखायची आणि तिथं जाऊन बसायचं. ती बसली की तिथला जनुक गप्प.

आता साखळी बसत होती. मंगळवारी हैदराबादच्या परिषदेत रेहानाचं भाषण होतं.

“इतकी घट्ट पकड कुणालाच मिळालेली नाही,” ती म्हणाली. “मी सगळे शोधनिबंध वाचलेत.”

बाईंनी तिच्या वहीतले आकडे बघितले.

“पकड सैल वाटली तेव्हा काय केलंस?”

“एक आर्जिनिन वाढवलं.”

“पुन्हा सैल वाटली?”

“आणखी एक.”

“किती झाली?”

“अकरा.”

बाई उठल्या. फ्रीजमधून एक कुपी काढून त्यांनी रेहानाच्या हातावर ठेवली.

“माशाचा डीएनए आहे. जवळजवळ सगळा परका मजकूर. हा भरपूर मिसळ. त्या गर्दीत तुझी साखळी आपली जागा ओळखते का, बघ.”

“पण बाई, मंगळवारी...”

“म्हणून आज मिसळ.”

जेल म्हणजे लिबलिबीत पातळ थर; त्यातून वीज सोडली की साखळी बसलेला डीएनए मागे रेंगाळतो, मोकळा डीएनए पुढे पळतो. संध्याकाळी पाचला रेहानानं जेल दिव्याखाली धरलं. तिच्या बारा अक्षरांचा डीएनए सगळा पुढे पळाला होता. साखळी माशाला जाऊन चिकटली होती.

डीएनए कुणाचाही असो, त्याच्या पाठीवर ऋण भार असतो. आर्जिनिनचा भार धन. अकरा आर्जिनिनांना अक्षरं वाचायची गरजच नव्हती.

शेजारच्या टेबलावरचा प्रसन्न म्हणाला, “माशाचं कोण विचारतंय तिथं? बोलून ये.”

“कुणी विचारणार नाही,” रेहाना म्हणाली. “पण मला माहीत झालंय ना.”

भाषण मागे घेतल्याचं पत्र तिनं स्वतः लिहिलं. कारण लपवलं नाही. बाईंच्या टेबलावर प्रत ठेवताना तिची मान ताठ होती, डोळे तेवढे लाल होते.

बाईंनी पत्र वाचलं.

पुढे नऊ महिने गेले. रेहानानं एकेक आर्जिनिन काढून टाकलं. प्रत्येक वेळी पकड ढिली होई. त्या जागी तिनं अक्षरांच्या कडांशी जुळणारी आम्लं बसवून पाहिली. एकोणतीस साखळ्या वाया गेल्या.

तिसावी घेऊन ती बाईंच्या खोलीत आली. जेलचा फोटो टेबलावर ठेवला.

“आर्जिनिन चारच राहिलीत. आधीच्या साखळीइतकी घट्ट नाही ही, बाई. बसते, सुटते, पुढे सरकते, पुन्हा बसते... पण एवढा मासा ओतला तरी शेवटी आपल्याच बारा अक्षरांवर येऊन थांबते. तीनदा करून पाहिलं.”

या वेळी ती हसत नव्हती. पण आवाजात असं काही होतं की दारातून जाणारा प्रसन्न थबकला.

बाईंनी फोटो उजेडाकडे नेला. एकेका पट्टीवरून बोट फिरवलं.

“बाई, चुकलंय का कुठं?”

बाईंनी चष्मा काढला.

“मी बावीस वर्षं माझी साखळी घट्टच करत राहिले, रेहाना. सुटू देणं तुला जमलं.”