दाजींचं फ्रेंच इंजिन आणि आज्ञाधारक रंभाजी

मनमाडच्या अलीकडे एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा गृहस्थ होता. वय चाळीस. सांगितलेलं सगळं ऐकायचा. त्याच्याबद्दल तक्रार एवढीच होती.

तो बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे राहायचा. बहिणीचे यजमान दौलतराव म्हणजे त्याचे दाजी. दाजींनी तीस वर्षं खरी इंजिनं चालवली आणि निवृत्त झाल्यावर खोटी चालवायला घेतली. तीही फ्रेंच! जेवणाच्या टेबलावर वीतभर लांबीची इंजिनं, बोटभर रुंदीचे रूळ, वर केसासारखी तार. बारा वर्षं घरातली माणसं खाली बसून जेवत होती.

शेवटी अक्का म्हणाली, "रविवारी नाशिकच्या त्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचे पाटणकर बघायला येणारेत ना? त्यांना आवडलं तर त्यांच्या हॉलमध्ये न्या. नाही आवडलं तर सगळं माळ्यावर."

माळ्यावर उंदीर होते. दाजींची झोप उडाली. त्यांनी रंभाजीला मदतीला घेतलं, हे त्यांचं नशीब.

गुरुवारी दाजी म्हणाले, "हे हिरवं इलेक्ट्रिक इंजिन. रुळावर ठेवलं की टपावरचा हा दांडा तारेला टेकवायचा. विसरायचं नाही."

रंभाजी विसरला नाही. मग त्याने निळं इंजिन ठेवलं. ते डिझेलचं. टपावर दांडाच नव्हता. रंभाजीने अक्काच्या केसांचा आकडा आणला, डिंकाने टपावर चिकटवला आणि तारेत अडकवला. इंजिन निघालं ते तार आणि अकरा खांब सोबत घेऊन.

"अरे, डिझेलला तार कशाला लागते?" दाजी ओरडले. "कंपनीने इंजिन जसं दिलं तसंच बरं असतं. वरून लावलेलं दिसलं की काढून टाकायचं!"

"बरं, दाजी."

दाजींनी दोन दिवस बसून खांब उभे केले. शनिवारी हिरव्या इंजिनावर बारीक ब्रशने काजळी मारली. चाकांपाशी गंज, दारापाशी तेलाचा ओघळ. चार तास लागले. मग चहा प्यायला गेले.

चहा संपेपर्यंत इंजिन लखलखत होतं. रंभाजीने कंपनीचं नसलेलं सगळं दात घासायच्या ब्रशने काढलं होतं.

दाजी खालीच बसले. "रंभाजी, खरं इंजिन इतकं स्वच्छ कधी बघितलंस? नवंकोरं दिसलं की खोटं वाटतं. काजळी लागली की खरं वाटतं. एवढं डोक्यात ठेव."

रंभाजीने डोक्यात ठेवलं. दाजी पुन्हा चार तास बसले.

रविवारी सकाळच्या एसटीने पाटणकर आले. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री, चकचकीत टक्कल. दाजी अंघोळीला गेले होते. पाटणकर खुर्चीत टेकले आणि प्रवासाच्या शिणाने त्यांना डुलकी लागली.

रंभाजीने त्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस एकदम नवाकोरा होता.

दाजी बाहेर आले तेव्हा पाटणकरांच्या टकलावर काजळी होती, कानांपाशी गंज होता आणि कॉलरवरून तेलाचा ओघळ आला होता.

"पाहुणे खोटे वाटत होते," रंभाजी म्हणाला. "आता बरे आहेत."

आवाजाने पाटणकर जागे झाले. कपाटाच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दाजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"दौलतराव," पाटणकर म्हणाले, "हा गंजाचा रंग कसा साधलात हो? मला वीस वर्षांत जमला नाही."

शेवटी ते मंडळाचेच माणूस! दाजींना रडू फुटायचं बाकी राहिलं.

"हिरवं इंजिन एक फेरी नीट धावू दे," पाटणकर म्हणाले, "टेबल उद्याच नाशिकला नेतो."

दाजींनी रंभाजीला कोपऱ्यात घेतलं. "तू टेबलाच्या त्या टोकाला उभा राहा. हाताची घडी घाल. काही झालं, आभाळ कोसळलं, तरी इंजिनाला हात लावायचा नाही. शपथ घे."

रंभाजीने अक्काची शपथ घेतली.

इंजिन निघालं. बोगद्यातून गेलं, पुलावरून गेलं. पाटणकर वाकून बघत होते आणि मान डोलवत होते. बारा वर्षांचं चीज झालं म्हणून दाजींचा हात वेगाच्या बटणावर जरा जास्तच फिरला. रंभाजीच्या टोकाला वळण होतं. इंजिन वळलं नाही. रूळ सोडून ते टेबलाच्या कडेकडे सरळ निघालं, थेट रंभाजीच्या पोटावर.

रंभाजी तिथे नुसता उभा राहिला असता तरी ते अडलं असतं.

"रंभाजीऽऽ!" दाजी किंचाळले.

खाली शहाबादी फरशी होती. बऱ्याच वेळाने शेवटचं चाक घरंगळायचं थांबलं. अक्का माळ्याला शिडी लावायला गेली.

रंभाजीच्या हाताची घडी अजून तशीच होती.

"चुकून माझा धक्का लागला असता, दाजी," तो म्हणाला. "पण मी वेळेवर बाजूला झालो."