भातवाढीचं पाठांतर

भांडी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका गावच्या जत्रेत तीन दिवस पंगती बसत. तिथली पितळी भातवाढी भारी हुशार. पहिल्या दिवशी कोणी किती भात खाल्ला, ते तिने पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता नेमका तेवढाच वाढला.

पंगत झटपट उठली. पण म्हाताऱ्या सोनकाबाई अर्धपोटी उठल्या आणि दगडू गुरवाच्या पानात भाताचा ढीग तसाच राहिला.

भातवाढी गोंधळली. "शितभरही चुकले नाही मी! मग हे असं कसं?"

"काल सोनकाबाईंची दाढ दुखत होती," भाताचं पातेलं म्हणालं. "आणि दगडू तीन कोस चालून आला होता."

"हे मला कोण सांगणार?"

"त्यांनीच सांगितलं असतं की, बाई!"

भातवाढीला काही उमगेना. पाठांतर तर बरोबर होतं! तिसऱ्या दिवशी सोनकाबाईंच्या पानात ठरलेला भात वाढून ती पुढे निघाली, अडखळली, मागे वळली.

"अजून वाढू?"

"वाढ गं," सोनकाबाई म्हणाल्या. "काल भातापेक्षा हेच कमी पडलं होतं."