सिदू पैलवानाचा खुराक

२९ मार्च, शनिवार. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी ढग आले, थोडा वेळ थांबले आणि न बरसता निघून गेले. त्याच दुपारी कुरणवाडी गावातल्या एका भोळ्या पैलवानाच्या हातात मोबाइल आला.

पैलवानाचं नाव सिदू. अंगानं दाराएवढा, मनानं दुधाच्या दातांचा. जोर मारायला सांगितले, की 'पुरे' म्हणेपर्यंत मारायचा. एकदा त्याचे वस्ताद 'पुरे' म्हणायचे विसरून बाजाराला गेले. दिवस मावळायला परत आले, तर सिदू जोरच मारत होता.

वस्तादांचं नाव तातोबा. चाळीस वर्षं त्यांनी गावची तालीम सांभाळली होती. बायकापोरं नव्हती, घर नव्हतं. तालमीतच एका कोपऱ्यात त्यांची वळकटी असायची.

आता त्या तालमीवर गंडांतर आलं होतं. गावच्या जत्रेतली चांदीची गदा दोन वर्षं धावडवाडीचा खंडू पैलवान नेत होता, आणि दोन्ही वर्षं सिदूलाच चीत करून नेत होता. शेवटी ग्रामसभेत ठरलं. यंदा गदा गावात राहिली तर तालीम राहील. नाही राहिली, तर तिथं सोसायटीचं खताचं गोदाम होईल.

सिदूनं उठून विचारलं, "मग वस्ताद झोपणार कुठं?"

सरपंच म्हणाले, "तू कुस्ती मार, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही."

सिदूनं ठरवलं, यंदा कुस्ती मारायची. जत्रा बारा एप्रिलला होती. तेवढ्यात माहेरपणाला आलेल्या बहिणीनं, गोदाक्कानं, आपला जुना मोबाइल त्याला दिला.

"सिदू, खुराकाचं सगळं यात असतं बघ. काय खावं, कधी खावं, कसं खावं. ऐकत जा."

सिदू ऐकत गेला. एक संपलं की मोबाइल आपोआप दुसरं लावायचा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी, नाचणीचं सत्त्व, कोणत्या कुशीवर झोपावं, गाजर आधी की काकडी आधी. त्यात पांढऱ्या कोटातल्या एक बाई होत्या. त्यांच्यावर सिदूची फार श्रद्धा बसली. त्या पडद्यावर आल्या की तो सदरा घालायचा. त्यांनी "नमस्कार" म्हटलं की हा उठून नमस्कार करायचा.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "बदाम असेच खाऊ नका. खुराकातलं कोरडं काहीही तसंच खाऊ नका. रात्रभर भिजवा, सकाळी साल काढा, मगच खा."

तालमीतल्या ट्रंकेत गावानं दिलेला खुराक होता. बदाम, खारीक, शेरभर खसखस आणि गुळाची ढेप. सिदूनं सगळं घंगाळात घातलं आणि वरून पाणी ओतलं.

रात्री बाहेरगावी गेलेले वस्ताद सकाळी दहा वाजता आले. सिदू घंगाळापुढं मांडी घालून बसला होता. नाक पार बोटांना टेकलं होतं.

"सिद्या, मेहनत सोडून काय करतोयस?"

"साल काढतोय, वस्ताद."

"बदामाची?"

"बदाम कवाच झाले. खसखशीची."

वस्ताद खाली बसले. "किती झाली?"

"सव्वीस दाणे. पण यातली साल कुठली आन् खसखस कुठली, ते आता वळखू येईना."

"आणि गूळ?"

"गूळ चोरीला गेला. चोर बरा होता पण. जाताना पाणी गोड करून गेला."

वस्तादांनी कपाळावर हात मारला. "अरे येड्या, जिन्नस आणली की पाण्यात नाही घालायची. आधी उन्हात घालायची. कळलं का?"

"कळलं, वस्ताद."

"काय कळलं?"

"जिन्नस आणली की पाण्यात नाही घालायची. आधी उन्हात घालायची."

एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. वस्ताद निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उन्हाचे गुण सांगितले. ऊन अंगाला लागलं की हाडं बळकट होतात, फुकट मिळतं म्हणून लोकांना किंमत नाही, असं म्हणाल्या. बाई आणि वस्ताद यांचं एकमत झालेलं पाहून सिदूला मोठा आधार वाटला.

दुपारी शेवंताकाकूनं पैलवानासाठी लोणी आणलं. चार म्हशींचं, चांगला नारळाएवढा गोळा. काकू म्हणाली, "खा बाबा, आणि त्या खंडूला लोळव."

सिदूनं गोळा उचलला, शिडी लावली आणि तालमीच्या पत्र्यावर नेऊन ठेवला. पत्र्यावर पाय ठेवला तर फोड यावा, असं ऊन होतं.

वस्ताद आले. "काकूनं लोणी दिलं म्हणे. कुठाय?"

"उन्हात घातलंय."

वस्ताद शिडीवर चढले आणि उतरले. "वर तर काही नाही."

"खाली आलं असंल मग," सिदू म्हणाला.

खाली आलंच होतं. पन्हाळीच्या टोकाशी गावातली पाच कुत्री रांगेत बसली होती. सगळ्यांत पुढच्या कुत्र्याची कांती त्या दिवसापासून पालटली, ती आजही तशीच आहे.

"लोणी कुणी उन्हात ठेवतं का रे!" वस्ताद ओरडले. "असं काही आलं की ठेवायचंच नाही. दारातच संपवायचं. ताजं आलं की तिथल्या तिथं पोटात. कळलं का?"

"कळलं, वस्ताद."

"काय कळलं?"

"काही आलं की ठेवायचंच नाही. दारातच संपवायचं. ताजं आलं की तिथल्या तिथं पोटात."

वस्ताद निश्चिंत झाले.

तीन एप्रिल उजाडला. बाई त्या दिवशी पोटावर बोलत होत्या. सगळे आजार पोटातून येतात, हळद घ्या, लिंबू घ्या, ताक घ्या, म्हणाल्या. सिदू सदऱ्याची बटणं लावून ऐकत होता, तेवढ्यात दारात म्हाळू वाणी आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तालमीत ज्या खड्ड्यात कुस्ती खेळतात, त्याला हौदा म्हणतात. हौद्यातली तांबडी माती मऊ राहावी आणि तिला कीड लागू नये, म्हणून तिच्यात ताक, हळद, लिंबू आणि तेल कालवतात. माणसाला खुराक, तसा मातीलाही खुराक. मोठ्या कुस्तीच्या आधी तर घालतातच.

म्हाळू वाण्यानं एक बादली ताक, पन्नास लिंबं, दोन किलो हळद आणि तेलाचा डबा दारात ठेवला. "तालमीचा खुराक आलाय हो," म्हणाला आणि घाईनं निघून गेला.

सिदूनं बाईंना आठवलं. वस्तादांना आठवलं. दारातच बसला.

ताक लगेच संपलं. हळदीचे बोकणे भरले. तेल अर्ध्यापर्यंत प्यालं गेलं. वेळ लागला तो लिंबांना, कारण ती आंबट होती.

पुढचे दोन दिवस सिदू तालमीत दिसला नाही. माळावर दिसला. ज्या ज्या वेळी कुणी माळाकडं पाहिलं, त्या त्या वेळी दिसला.

तिसऱ्या दिवशी तो भिंत धरून परत आला. दात पिवळे, ओठ पिवळे.

"अरे, ते मातीचं होतं!" वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज रडका झाला होता. "जत्रा सहा दिवसांवर आलीय, सिद्या. समोर आलं की गिळत सुटायचं नाही. सावकाश घ्यायचं. हातातला घास नीट चावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कुणी कितीही घाई करू दे. कळलं का?"

"कळलं, वस्ताद."

"काय कळलं?"

सिदूनं सगळं म्हणून दाखवलं. त्याच संध्याकाळी मोबाइलवर बाई म्हणाल्या, "प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा." आता आकडासुद्धा मिळाला. सिदू त्या संध्याकाळी दूधही बत्तीस वेळा चावून प्याला.

दहा तारखेला सरपंचांनी पैलवानाला जेवायला बोलावलं. जत्रेआधी पैलवानाला पुरणपोळीचं जेवण घालायचं, ही कुरणवाडीची रीत. तीस माणसांची पंगत बसली. मानाच्या पाटावर सिदू, शेजारी सरपंचांचे वडील आबा, समोर वस्ताद. आणि दुसरी एक रीत अशी, की मानाचा पाहुणा उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठत नाही.

बारा वाजता श्लोक झाला. सिदूनं पहिला घास घेतला.

"काय पैलवान, तब्येत कशी आहे?" सरपंचांनी विचारलं.

सिदूनं बोट वर करून थांबा म्हटलं. सगळे थांबले. बत्तीस झाल्यावर तो म्हणाला, "बरी आहे." आणि दुसरा घास घेतला.

"खंडूनं औंदा वजन वाढवलंय म्हणतात."

बोट वर. सगळे थांबले. "वाढवू दे," सिदू म्हणाला.

साडेबाराला सगळ्यांची जेवणं झाली. एक वाजता हात वाळले. दोन वाजता बोटं एकमेकांना चिकटली. वाढणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या. वस्ताद डोळ्यांनी खुणावत होते, पण सिदूची नजर ताटावर होती आणि ओठ आकडे मोजत होते.

अडीच वाजता आबा म्हणाले, "मी जरा पडतो. पैलवान उठला की मला उठवा." आणि ते तिथंच पाटावर कलंडले.

"कितवी पोळी?" पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी हळूच विचारलं.

"अकरावी."

"खाणार किती?"

"मागच्या साली तेवीस खाल्ल्या होत्या."

पंगतीतून एक कण्हण्याचा आवाज आला.

पंगत उठली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आबांना चौघांनी उठवलं. वस्ताद मान खाली घालून चालत होते. वेशीपाशी आल्यावर त्यांनी सिदूचा हात धरला.

"सिद्या, गावानं तोंडात शेण घातलं रे माझ्या. अगदी शेवटपर्यंत बसायचं नसतं. पुरतं भरायची वाट बघायची नाही. आता भरणार असं दिसलं की थोडं बाकी ठेवून उठायचं. त्यात आपला मान राहतो आणि समोरच्याचाही राहतो. कळलं का?"

"कळलं, वस्ताद."

"काय कळलं?"

"अगदी शेवटपर्यंत बसायचं नसतं. आता भरणार असं दिसलं की थोडं बाकी ठेवून उठायचं. आपला मान राहतो आणि समोरच्याचाही राहतो."

वस्ताद निश्चिंत झाले. आणि अकरा तारखेला सकाळी बाईंनी स्वतः सांगितलं, "ऐंशी टक्के झालं की थांबा. उरलेल्या वीस टक्क्यांचा मोह सोडा. खरी ताकद त्या सोडण्यात आहे." सिदूनं मोबाइलला दोनदा नमस्कार केला.

१२ एप्रिल, शनिवार. ऊन कडक, वारा अजिबात नाही. मैदानाभोवती पाच गावांची माणसं. झाडांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं. हलगी कडाडली. खंडू आला, सिदू आला. पंचांनी दोघांच्या हातांना माती लावली.

सिदू भोळा होता तो मातीबाहेर. मातीत उतरला की त्याचं अंगच विचार करायचं. पाचव्या मिनिटाला खंडूला धाप लागली. सहाव्या मिनिटाला सिदूनं त्याला ढाकेच्या डावावर घेतला आणि असा आपटला, की खालची माती उडून पंचांच्या फेट्यावर बसली.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. खंडूचा डावा खांदा मातीला लागला होता. उजवा चार बोटं वर होता. सिदू छातीनं दाबत होता.

"दाब! दाब, माझ्या वाघा!" वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तीन बोटं. सरपंचांनी गदा उचलून खांद्यावर घेतली.

दोन बोटं.

सिदूनं त्या दोन बोटांकडं नीट पाहिलं. आता भरणार, असं स्पष्ट दिसत होतं.

तो उठला.

हात झटकले. मोठ्यानं "अन्नदाता सुखी भव" म्हणाला. आणि हात धुवायला पाण्याच्या पिंपाकडं चालू लागला.

खंडू तसाच पडून राहिला. त्यानं पंचांकडं पाहिलं. पंचांनी वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांचं तोंड 'दाब' म्हणताना उघडलं होतं, ते तसंच होतं. मग खंडू उठला, धावत गेला, सिदूला मागून कवळा घातला, उचलला आणि पाठीवर टाकला. त्यानं काहीच बाकी ठेवलं नाही.

हलगी थांबली. वस्ताद धडपडत मैदानात आले. सिदू उताणा पडून आभाळाकडं बघत होता. चेहरा अगदी समाधानी होता.

"का उठलास रे? का उठलास?"

"दोनच बोटं बाकी ठेवली, वस्ताद," सिदू म्हणाला. "आपला मान राहिला, समोरच्याचाही राहिला."

कुस्ती सात मिनिटं चाळीस सेकंद चालली. विजयी खंडू, धावडवाडी. बुधवारी, सोळा एप्रिलला, सकाळी साडेनऊ वाजता कुरणवाडीच्या तालमीत खताची दोनशे दहा पोती उतरली. त्याच दिवशी दुपारी तातोबा वस्ताद आपली वळकटी घेऊन सिदूच्या ओसरीवर राहायला आले.