माशाचा उपास

“…पण उलटा झाला म्हणून बिघडलं काय, महाराज? तरंगतोय ना?”

सुंदरनाथाने हे अगदी हसतमुखाने विचारलं. त्याचे गुरू भवनाथ महाराज चातुर्मास दुसऱ्या मठात काढून त्याच सकाळी परतले होते. खांद्यावरची झोळीसुद्धा न उतरवता ते थेट दगडी कुंडापाशी येऊन उभे राहिले होते.

कुंडात एक सोनेरी मासा होता. पोट वर, पाठ खाली. भोवती चुरमुरे तरंगत होते.

“कधीपासून असा आहे?”

“दिवाळीच्या आसपास झाला.”

“आणि तुला काय वाटलं?”

“त्याला प्लाविनी साधली.”

पोटात वारा गिळून भरायचा आणि पाण्यावर पानासारखं पडून राहायचं, ती प्लाविनी. त्या मठात ती एकट्या सुंदरनाथाला येत होती, आणि येते हे पंचक्रोशीला कळावं याची त्याने चोख व्यवस्था केली होती. सोमवारी दर्शनाला गर्दी जमली की स्वारी कुंडात उतरायची आणि उताणी पडायची. लोक हात जोडायचे. त्यात मासाही उताणा झाला. मग काय विचारता! या मठातले मासेसुद्धा सिद्ध, असं जो तो बोलू लागला आणि येताना चुरमुरे घेऊन येऊ लागला.

महाराज माशाकडेच बघत होते.

“मालनबाईला काय सांगितलंस?”

सुंदरनाथाचं हसू जरा ओसरलं.

मासा मालनबाईचा होता. खरं तर तिच्या रेणूचा. पोरीने तो जत्रेतून आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीतल्या पाण्यात. रेणू आजारपणात गेली. घरात त्या माशाकडे बघवेना, म्हणून बाईने तो मठाच्या कुंडात आणून सोडला, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याला बघायला टेकडी चढू लागली. लेकीचं म्हणावं असं जिवंत काही तिच्याकडे दुसरं उरलं नव्हतं.

“सांगितलं की… रेणूच्या माशाला सिद्धी मिळाली.”

“हं.”

“ती हसली, महाराज. पोर गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

हे मात्र तो खरं सांगत होता.

महाराजांनी झोळी खाली ठेवली.

“उतर पाण्यात. पडून दाखव.”

सुंदरनाथ खुलला. गुरूने आपणहून प्लाविनी बघायला मागितली नव्हती कधी. तो कुंडात उतरला, घटाघटा वारा गिळला, पोटाचा नगारा केला आणि माशाशेजारी उताणा पडला.

“छान. आता तळाचा एक खडा आण.”

त्याने कूस बदलली. पाय झाडले. कमरेपासून वाकून बघितलं. पाण्याने त्याला पुन्हा वर ढकलून दिलं.

“जा ना.”

“जाता येत नाही, महाराज… आत वारा भरलाय.”

महाराजांनी ओंजळभर चुरमुरे त्याच्या तोंडावर टाकले.

“खा.”

नाकातोंडात पाणी आणि चुरमुरे गेले. तो ठसकला, कसाबसा ढेकर देऊन मोकळा झाला, खाली गेला आणि खडा घेऊन काठावर आला. थंडीने कुडकुडत होता.

“तू ढेकर दिलास आणि सुटलास,” महाराज म्हणाले. “त्याचं पोट खाऊन खाऊन गच्च झालंय. आतली वाऱ्याची पिशवी चेपली गेलीय. तो तरंगत नाहीये, सुंदर. त्याला खाली जाता येत नाहीये.”

सुंदरनाथाने पहिल्यांदाच माशाकडे नीट बघितलं. पाण्याबाहेर राहिलेलं त्याचं पोट सुकून लाल झालं होतं. एक पर सारखा हलत होता. दिवाळीपासून तो असाच हलत असणार, आणि आपण लोकांना हात जोडायला लावत होतो…

महाराजांनी मासा ओंजळीने उचलून घंगाळात ठेवला. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, आणि पाणीही बेताचंच, धडपड करावी लागू नये एवढं.

“आता याला उपाशी ठेवायचं. दोन-तीन दिवस काही नाही. मग उकडलेला मटार, साल काढून, कुस्करून, अगदी कणभर. तोवर कोणी काही घालायचं नाही.”

“मालनबाईनेही?”

“तिने तर नाहीच. आणि तिला तू सांगायचंस. माझी आज्ञा म्हणून नाही. काय झालं ते.”

“वाचेल?”

“पोट सुटलं तर…”

दुपारी मालनबाई आली. सोमवार होता, पण गर्दी जमायला अजून वेळ होता. महाराज आत ध्यानाला बसले होते.

“नाथबाबा, ह्याला हितं का काढलाय ओ?”

सुंदरनाथाने सकाळपासून वाक्यं जुळवून ठेवली होती. मासा आजारी आहे. सिद्धीबिद्धी काही नाही. मी बोललो ते खोटं होतं. तोंड उघडलं आणि समोर बाईचा चेहरा दिसला. ती माशाकडे बघून हसत होती.

“त्याला… उपास आहे.”

“उपास? कशाचा?”

“सिद्धी मिळाली की धरावा लागतो.”

बाईने भक्तिभावाने घंगाळाला हात लावून नमस्कार केला. मग पिशवीतले चुरमुरे काढता काढता थांबली.

“म्हंजी आज काईच खायाचं न्हाई त्यानं?”

“काहीच नाही.”

तिचा चेहरा पडला.

“रेणूबी शेवटाला काई खात नव्हती ओ. म्या दूधभाताची वाटी घिऊन बसायचे. गिळवतच नव्हतं लेकराला… तवापासून ह्यो चार दाणं खातोय ते बघते, तवा माझ्या घशाखाली घास उतरतोय.”

आता सांग, सुंदरनाथाचं मन म्हणत होतं. आत्ता सांग.

आणि एकदम बाईचा चेहरा उजळला. तिने पिशवीच्या तळातून कागदाची पुडी काढली.

“अवो, राजगिऱ्याचा लाडू हाय की माज्यापाशी! मलाबी सोमवारच हाय. उपासाला चालतोय की ह्यो!”

उपास त्यानेच सांगितला होता, आणि उपासाला राजगिरा चालत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे?

“बाई, नको…”

“एवढासाच. उपाशी जीव बघवत न्हाई मला.”

सुंदरनाथाने पाठ फिरवली. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं म्हणे. मागे बाई लाडू चुरून घालत होती, माशाशी रेणूशी बोलावं तशी बोलत होती. राजगिऱ्याच्या हलक्या लाह्या पाण्यावर पसरल्या. उलटा पडलेला मासा तोंड वासून एक-एक गिळत होता, आणि दरवेळी लाहीबरोबर वाराही.

जाताना ती पुन्हा हसली. तो हसला नाही.

सकाळी महाराज घंगाळापाशी आले तेव्हा सुंदरनाथ आधीच तिथे बसला होता. मासा कालच्यासारखाच पडून होता. फक्त पर हलत नव्हता.

महाराजांनी पाण्यावरची एक लाही बोटाने टिपली.

“हे काय?”

“उपासाचं आहे, महाराज…”

बोलून गेला आणि आपलेच शब्द कानावर पडले तसा त्याला रडू फुटलं. लहान पोरासारखा, मोठ्याने रडला. महाराजांनी त्याला थांबवलं नाही. जवळही घेतलं नाही.

“मी घातलं नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी फक्त पाठ फिरवली.”

खाली वाटेवर मालनबाईचं हिरवं लुगडं दिसू लागलं. आज ती भराभर चढत होती.

“त्याने समाधी घेतली असं सांगू? इथेच कुंडाजवळ पुरू, वर चार फुलं… तिला बरं वाटेल.”

महाराज पाण्यावरच्या लाह्या वेचत राहिले.

“खरं सांगितलं तर ती म्हणेल, मीच खाऊ घालून मारला. रेणूचा मासा मी मारला.”

“म्हणेल.”

“ते तिच्या माथी नको, महाराज! तिने प्रेमाने घातलं हो.”

महाराजांनी पळसाचं पान आणलं. मासा त्यावर ठेवला आणि पान सुंदरनाथाच्या दोन्ही हातांत दिलं.

बाई फाटकापाशी पोचली. तिला घंगाळ रिकामं दिसलं. मग पान दिसलं. ती तिथेच थबकली.

सुंदरनाथ उठला. दोन पावलं गेला, आणि मागे वळला.

“महाराज… कोणाचं नाव घेऊन सुरुवात करू?”

“तुझं.”