आखूड दोर

“मग बळ येतं कधी, फादर?”

फादर इनास चॅपलच्या पायरीवर बसून पितळेचं मेणबत्तीचं स्टँड चिंचेनं घासत होते. वय झालं, आता गावच्या चर्चमध्ये मिस्सा दुसरे फादर म्हणतात. हे खाडीच्या धक्क्याजवळच्या या लहान चॅपलात राहतात. कोळ्याच्याच पोटचे.

“कसलं बळ?”

“तुम्हीच सांगता ना, विश्वास ठेवा, प्रभू बळ देतो. मी रोज रोझरी म्हणतो. सकाळी म्हणतो, संध्याकाळी म्हणतो. मेणबत्त्या लावतो.”

“बघितलं. आतल्या संत पेद्रूच्या पुतळ्याला खोकला झालाय तुझ्या धुरानं.”

मला हसू आलं नाही.

माझा थोरला भाऊ आग्नेल. जाळं ओढताना लाट आली आणि तो होडीवरून पाण्यात गेला, तो गेलाच. अजून महिनाही झाला नव्हता. होडी परत आली. आता त्याच होडीवर मी जायचं होतं, आणि तिच्यात पाय टाकायचा म्हटलं की मी धक्क्यावरूनच मागे फिरायचो.

खलाशी सकाळीच येऊन सांगून गेले होते, आज भरतीला निघालास तर तुझ्याबरोबर, नाहीतर उद्यापासून आम्ही जुजेच्या होडीवर. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्याही घरी चुली आहेत. आमच्या घरी आई आहे, वहिनी आहे, दादाच्या दोन मुली आहेत.

“वहिनी काय म्हणते?” फादरनी विचारलं.

“काही नाही. जेवायला वाढते. ताटाकडे बघते, माझ्याकडे बघत नाही.”

“हं...”

“माझ्या डोक्यावर हात ठेवा, फादर. अशी प्रार्थना म्हणा की सगळी भीती जाईल. मग मी जातो.”

“आणि नाही गेली तर?”

“तर तुमचा देव खोटा.”

तोंडातून निघून गेलं. फादर रागावले नाहीत. चाकू घेऊन स्टँडवरचं मेण खरवडायला लागले.

“दादाच्या गळ्यात क्रूस होता,” मी म्हणालो. “माझ्यापेक्षा त्याचा विश्वास जास्त होता. मग त्याला का नाही धरून ठेवलं?”

फादरनी चाकू पायरीवर ठेवला.

...

“मला माहीत नाही, रे,” ते म्हणाले.

ते स्टँड उचलून खाडीत भिरकावून द्यावं असं वाटलं मला. इतकी वर्षं पुस्तक वाचून, झगा घालून, हेच? माहीत नाही?

फादर मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. खाडीकडे बघत होते.

“ती होडी तुमचीच ना?”

“हो.”

“मग तिनं मान का खाली घातलीय?”

मी वळून पाहिलं. होडीचं मागचं टोक वर आलं होतं आणि पुढचं टोक पाण्यात ओढलं गेलं होतं. भरती चढत होती. प्रत्येक लाटेबरोबर पाणी काठावरून आत पडत होतं.

“कशी बांधलीस?”

“पाण्यातल्या खुंटाच्या बुडाशी,” मी म्हणालो. “सकाळी. वारा सुटला होता म्हणून.”

“ओहोटी होती तेव्हा?”

“...हो.”

“किती दोर सोडलास?”

दोर सोडलाच नव्हता. मागच्या बाजूनं खलाशांनी नांगर टाकलेला होता, पण त्याच्यावर माझा भरवसा नव्हता. होडी जराही हलू नये म्हणून दादाच्या दोरानं मी तिला आवळून टाकली होती. गाठीवर गाठ. कोळ्याचं शेंबडं पोरसुद्धा असं बांधत नाही. भरती येणार, हे मी विसरलोच होतो.

मी धावलो. पाणी छातीपर्यंत आलं. होडीच्या पुढच्या टोकाला लोंबकळत गाठ सोडायला गेलो, तर दोर ताणून लोखंडासारखा झालेला. नखं तुटली. आत पाणी पडतच होतं. वल्ही तरंगायला लागली होती.

मागून फादर आले. झगा छातीपर्यंत भिजला होता. हातात तोच मेणाचा चाकू.

“काप.”

“दादाचा दोर आहे, फादर.”

“हो.”

“त्याच्या हातचा फासा आहे टोकाला. त्याच्या हातचं दुसरं काही राहिलं नाही माझ्याकडे.”

फादर चाकूची मूठ माझ्याकडे करून उभे राहिले. त्यांनी स्वतः कापला असता तर बरं झालं असतं.

...

मी कापला.

होडी उसळून वर आली आणि मागे जायला लागली. माझ्या हातातून निसटली. मी ओरडलो. धरायला गेलो आणि पाण्यात पडलो. नाकातोंडात खारं पाणी. आता हीही गेली, दादासारखीच, एवढंच डोक्यात होतं.

उठून डोळे पुसले तर मागच्या नांगराचा दोर ताणला आणि होडीला हिसका बसला. ती वळली, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि पाण्यावर वर-खाली व्हायला लागली.

आम्ही दोघं तसेच पाण्यात उभे. माझ्या मुठीत दोराचा तुकडा होता.

“आता तरी प्रार्थना म्हणा,” मी म्हणालो. “माझी भीती गेली नाही, फादर. हे बघा, हात कापतायत.”

फादरनी माझा हात धरला. त्यांचाही कापत होता. मग होडीकडे बोट केलं.

“ती हलायची थांबली का?”

“नाही.”

“वाहून गेली?”

“...नाही.”

त्यांनी झगा हातात गोळा केला आणि काठाकडे चालायला लागले.

“मग पाणी उपस,” पाठमोरेच म्हणाले, “आणि खलाशांना हाक मार. भरती आहे तोवर निघा.”