कोंडाबाईची वाकडी तार

डोंगरांच्या बेचक्यात एक संस्थान होतं. संस्थान एवढंसं, थाट मात्र मोठा. गडावर तीस पहारेकरी होते आणि त्यांच्या तीस बंदुका. राजेसाहेबांच्या बंदुकीला नवी कोरी काडतुसं यायची. पहारेकऱ्यांच्या वाट्याला जुनीच, पुन्हा भरलेली. गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी मागे उरते. ती घासूनपुसून घ्यायची, तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी भरायची, की झालं काडतूस तयार.

या पुंगळ्या घासायचं काम कोंडाबाई तांबटीण करायची. चिंचेच्या पाण्यात भिजवायची, राखेनं घासायची, उन्हात वाळवायची. मग एक शेवटचं काम. तिच्याजवळ टोकाला वाकवलेली एक बारीक तार होती. ती तार पुंगळीत घालून बुडापाशी आतून हळूच फिरवायची. तार सरळ फिरली तर पुंगळी चांगली. अडकली तर समजायचं, आतून पितळ झिजलंय आणि तिथे खाच पडलीय. अशी पुंगळी ती दगडावर ठेवून हातोडीनं चेपून टाकायची. नुसती बाजूला ठेवायची नाही, चेपायची. बाजूला ठेवलेली वस्तू कुणीतरी पुन्हा उचलतंच.

एकदा मात्र तिनं चेपली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तार अडकली असताना बंदुकांचं कोठार सांभाळणारे दारोगा हैबतराव म्हणाले होते, "चालतंय." कोंडाबाई गप्प बसली. ते काडतूस भिवा नाईक या पहारेकऱ्याच्या बंदुकीत बुडाशी तुटलं, आग मागे उसळली आणि भिवाचा उजवा डोळा गेला, पहाऱ्याची नोकरीही गेली. भिवानं तिला कधी बोल लावला नाही. गडाच्या पायरीवर भेटला की अजूनही विचारायचा, "कोंडाक्का, बरी हायेस न्हवं?" तिला ते फार लागायचं. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

यंदा दसऱ्याला शेजारचे राजे येणार होते. त्यांच्यासमोर तीसही पहारेकरी निशाणावर पाच-पाच फैरी झाडणार होते. म्हणजे दीडशे काडतुसं हवीत. नव्या पुंगळ्या मागवायला हैबतराव विसरले होते. मोठी माणसं विसरली की लहानांनी निभावून न्यायचं, अशी त्या गडावरची रीतच होती. जुन्या पुंगळ्या मोजून दीडशे निघाल्या. त्यांतल्या चाळीस पुंगळ्यांत कोंडाबाईची तार अडकली.

"यंदा चेपाचेपी बंद," हैबतरावांनी हुकूम सोडला. तिची हातोडी उचलून कोठारात टाकली आणि वर कुलूप घातलं.

कोंडाबाईनं त्या चाळीस पुंगळ्याही लख्ख घासल्या होत्या, पण आता वेगळ्या टोपलीत ठेवल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी राजेसाहेब स्वतः पाहणीला आले.

"दोन टोपल्या कशाला?"

"म्हातारीचं खूळ आहे, सरकार," हैबतराव हसले. "बघा ना, दोन्हीकडे सारखीच झळाळी."

राजेसाहेबांनी दोन्ही टोपल्यांतली एकेक पुंगळी उचलून उन्हात धरली. फरक काही दिसेना. दिसणार कसा? बाहेरून तो नव्हताच.

"सगळ्या भरा," ते म्हणाले.

"न्हाई भरायच्या," कोंडाबाई म्हणाली.

अंगणातले पहारेकरी जागच्या जागी थिजले. राजाला 'नाही' म्हणायची त्या गडावर कुणाला सवय नव्हती, आणि राजाला ते ऐकायची तर मुळीच नव्हती.

"माझा हुकूम आहे!" राजेसाहेब कडाडले.

"मग सरकार, ह्यातली एक भरून घ्या. उद्याचा पयला बार दारोगासायबांनी काढावा. गालाला बंदूक लावून." तिनं एक पुंगळी हैबतरावांपुढे धरली.

हैबतरावांचा हात पुढे आला नाही. उलट पाय मागे गेला. राजेसाहेबांनी तो मागे गेलेला पाय पाहिला. मग त्यांनी कोंडाबाईकडून तार मागून घेतली, पुंगळीत घालून फिरवली. तार अडकली. पुन्हा फिरवली. त्याच जागी पुन्हा अडकली.

तरी त्यांनी हुकूम मागे घेतला नाही. पाहुण्यांपुढे फैरी कमी पडतील, आपलं हसं होईल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. कोंडाबाईनं त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. पायाजवळचा धोंडा उचलला आणि पहिली पुंगळी चेपली. मग दुसरी. मग तिसरी.

"कुणाच्या हुकमानं?" राजेसाहेबांनी विचारलं.

"हुकूम मागल्या खेपेला ऐकला, सरकार," ती हात न थांबवता म्हणाली. "त्याचं काय झालं ते भिवाला इचारा. मला हाकला, न्हाईतर कोठडीत घाला. पर ही टोपली रिकामी झाल्याबिगर मी उठायची न्हाई."

राजेसाहेब तिथेच उभे राहिले. चाळिसावी पुंगळी चेपून होईपर्यंत उभे राहिले. मग हैबतरावांना म्हणाले, "हिची हातोडी आणून द्या. धोंड्यानं बोटं फुटतील तिची."

दसऱ्याला तीनच फैरी झडल्या. "दारू संपली वाटतं?" पाहुणे राजे मिशीत हसले. आपल्या राजेसाहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी चौथी फैर मागितली नाही. संध्याकाळी तीस पहारेकरी आपापल्या घरी गेले, साठच्या साठ डोळे घेऊन.

कोंडाबाई गड उतरत होती, तेव्हा पायरीवर भिवा बसला होता. "कोंडाक्का, बरी हायेस न्हवं?" त्यानं नेहमीसारखं विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "हाय रं बाबा," ती म्हणाली, "आज बरी हाय."

तात्पर्य: आतली खाच ज्याला कळते, त्यानं वरच्या झळाळीला भुलू नये आणि हुकमालाही भिऊ नये, कारण आपल्या गप्प बसण्याची शिक्षा नेहमी दुसऱ्यालाच भोगावी लागते.