तळ्यावरची रेघ

तळ्यांनाही कायदे होते, त्या काळची गोष्ट. पाणमांजर आणि खेकडा यांनी एकमेकांच्या धाकाने तळ्यात विषाचा एकेक रांजण पुरून ठेवला. शेवंती बेडकीला पिल्लांचा घोर लागला. ती न्यायाधीश कासवबुवांकडे गेली. बुवांनी पाण्यावर काठीने रेघ ओढली.

"ज्याचं विष त्याने आपल्याच बाजूला ठेवावं."

पुढे खेकड्याचा रांजण झिरपला. मेलेले मासे तरंगत पलीकडे गेले. बुवांनी माशांवर हद्द ओलांडल्याची नोटीस काढली.

"बुवा, मेलेले मासे नोटीस वाचणार कशी?" शेवंतीने विचारलं.

"हजर राहिले नाहीत, तर एकतर्फी निकाल देऊ."

शेवंतीने पिल्लं पाठीवर घेतली आणि ओढ्याची वाट धरली. निकाल ठरल्या दिवशी लागला. तो ऐकायला बुवांशिवाय तळ्यात कुणी उरलं नव्हतं.